बागेतलं तळं हिरवं का पडतं? इंदूरच्या बांधलेल्या तळ्यांबद्दल जरा सविस्तर

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. सिरपूर, बिलावली, पिपल्यापाला म्हणजे आपलं रीजनल पार्कवालं तळं, आणि शहराबाहेर गंभीर नदीवरचं यशवंत सागर, ही सगळी माणसांनी बांधलेली आहेत, होळकरांच्या राज्यात. यातलं एकही आपोआप झालेलं नाही. कोणीतरी जमिनीचा उतार बघितला, पावसाचं पाणी कुठून येतं ते बघितलं, योग्य जागी आडवी पाळ घातली आणि पाणी अडवलं. आज आपण तिथे सकाळी फिरायला जातो, मुलांना बोटीत बसवतो, पाहुणे आले की कारंजी दाखवायला नेतो, आणि ते पाणी तिथे कायमचंच आहे असं धरून चालतो.

मग उन्हाळा आला की दर वर्षी तोच विषय निघतो. ट्रॅक झाला, लाइट लागले, रेलिंग लागली, कारंजी बसली, इतका पैसा लागला तरी पाणी हिरवं कसं, वास का येतो, एखाद्या सकाळी मासे उताणे का तरंगतात. आमच्या फिरायच्या ग्रुपमध्ये यावर इतकी चर्चा होते, आणि शेवटी गाडी "साफसफाई होत नाही" यावर येऊन थांबते. साफसफाईचा संबंध आहे, पण थोडाच. बांधलेल्या तळ्याचं नशीब त्याच्या कुंपणाच्या बाहेर ठरतं, आणि आपण पैसा आणि लक्ष जवळपास सगळं कुंपणाच्या आत लावतो. हे एवढं एकदा नीट कळलं की बाकीच्या गोष्टींचा अर्थ लागायला लागतो.

आधी तळं बनतं कसं ते बघू. आपण माळव्याच्या पठारावर राहतो, खाली काळा बेसाल्ट दगड, त्यावर मुरूम, त्यावर काळी माती. ही काळी माती ओली झाली की फुगते आणि तिच्यातून पाणी सहज आरपार जात नाही, म्हणून ती पाणी धरायला उत्तम. पण वाळली की तिला अशा भेगा पडतात की हात आत जाईल. त्यामुळे मातीची पाळ नुसत्या काळ्या मातीची करत नाहीत. आत काळ्या मातीचा गाभा, त्याला इंजिनीअर लोक हार्टिंग म्हणतात, आणि त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचं कवच, म्हणजे केसिंग. गाभा पाणी अडवतो, कवच गाभ्याला उन्हापासून आणि घसरण्यापासून सांभाळतं. पाण्याच्या बाजूला दगड रचतात, ते पिचिंग, लाटांनी माती धुपू नये म्हणून. पाळीतून थोडं पाणी पाझरतंच, ते ठरलेल्या वाटेने खाली निघून जावं एवढी सोय केलेली असते.

आता पाळीवर बाग करायची म्हटलं की सगळ्यात आधी सुचतं काय? झाडं लावूया, सावली होईल. पाळीच्या खालच्या मोकळ्या जमिनीवर जरूर लावा, पण मातीच्या पाळीवर मोठी झाडं लावू नयेत असं धरणाचं काम करणारा कोणीही सांगेल. मुळं खोल आत जातात, आणि पुढे कधी झाड मेलं की मुळं कुजून त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात, त्यांतून पाणी वाट काढतं, बरोबर थोडी थोडी माती नेतं, नळी रुंद होत जाते. घुशींची बिळंही तेच करतात. पाळीवर गवत हवं, आखूड आणि दाट, म्हणजे माती धरून राहते आणि कुठे ओल दिसायला लागली तर लगेच नजरेत येते.

पाळीइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे सांडवा, आणि बागेत आलेल्या शंभर माणसांना विचारलं तर तो कुठे आहे हे क्वचितच कोणी सांगेल. तळं पूर्ण भरल्यावर जास्तीचं पाणी जिथून सुरक्षित बाहेर पडतं ती जागा म्हणजे सांडवा, आपल्याकडचे जुने लोक त्याला वेस्टवियर म्हणतात. मातीच्या पाळीवरून पाणी कधीच वाहता कामा नये, वाहिलं तर ते पाळीचा माथा खरवडत जातं आणि काही तासांत पाळ फुटू शकते. म्हणून सांडव्याची पातळी पाळीपेक्षा खाली ठेवलेली असते आणि त्याची रुंदी मोठ्या पावसाचा हिशोब करून ठरवलेली असते. नंतर सांडव्यावरून फिरायचा ट्रॅक पुढे न्यायचा म्हणून तिथे दोन पाइप टाकून वर काँक्रीट ओतलं, किंवा सांडव्याच्या पुढचा नाला बुजवून पार्किंग केलं, तर वरवर काहीच बिघडलेलं दिसत नाही. वर्षानुवर्षं दिसत नाही. एका रात्री आठ-दहा इंच पाऊस पडतो तेव्हाच दिसतं.

आता पाण्याचा हिशोब. हा कोणी आपल्याला सांगत नाही पण आहे अगदी सोपा. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. इंदूरला वर्षाला सरासरी साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सोयीसाठी नऊशे धरू. म्हणजे एका हेक्टरवर वर्षभरात ९० लाख लिटर पाणी पडतं, घनमीटरमध्ये ९,०००. आकडा केवढा मोठा वाटतो ना, पण त्यातलं बरंचसं जमिनीत मुरतं, झाडं-पिकं पितात, उडून जातं, आणि मोकळ्या जमिनीवरून वाहत तळ्यापर्यंत पोचतं ते समजा चौथा हिस्सा, म्हणजे सव्वादोन हजार घनमीटर. आता दुसरी बाजू बघा. आपल्या भागात उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून वर्षाला साधारण दीड ते दोन मीटर पाणी नुसतं उन्हा-वाऱ्याने उडून जातं. माणसाच्या उंचीएवढं पाणी, कोणी न वापरता!

समजा तळ्याचा पसारा १० हेक्टर आहे आणि त्यातून वर्षाला १.६ मीटर पाणी उडतं, तर ते झालं १ लाख ६० हजार घनमीटर. थेट तळ्यावर पडलेल्या पावसाने त्यातलं ९० हजार भरून निघालं. उरलेले ७० हजार आजूबाजूच्या जमिनीवरून यायला हवेत, त्यासाठीच ३० हेक्टरच्या वर जमीन लागली, आणि अजून तळं भरलेलंच नाही, फक्त उडालेलं परत आलं. तळं दोन मीटर खोल भरायचं तर आणखी २ लाख घनमीटर, म्हणजे आणखी ९० हेक्टर. ढोबळमानाने १० हेक्टरच्या तळ्याला सव्वाशे हेक्टर जमिनीचं पाणी लागतं, तळ्याच्या तळातून मुरणारं तर मी यात धरलंच नाहीये. ही जी आजूबाजूची जमीन, जिचा उतार तळ्याकडे आहे, ती म्हणजे पाणलोट. तळं कागदावर १० हेक्टरचं असलं तरी खरं तळं त्याच्या बारापट जागेत पसरलेलं असतं, आणि त्या जागेचा मालक बाग सांभाळणारा नसतोच. तिथे शेतं असतात, मग प्लॉट पडतात, मग कॉलनी होते.

कॉलनी झाली की दोन गोष्टी एकदम होतात. काँक्रीट आणि डांबरावरून जवळपास सगळं पाणी वाहतं, मुरत नाही, त्यामुळे पाऊस पडला की पाणी जास्त आणि एकदम धावतं. पण ते तळ्याकडेच येईल याची खात्री उरत नाही, कारण रस्ता उंच झालेला असतो, स्टॉर्म वॉटर लाइन भलतीकडे वळलेली असते, जुना ओहोळ कुणाच्या तरी कंपाउंड वॉलखाली गेलेला असतो. मग असं होतं की ऑगस्टमध्ये तळ्याजवळच्या गल्लीत गुडघाभर पाणी आणि मार्चमध्ये तळं अर्ध्यावर, एकाच वर्षात दोन्ही, आणि लोक म्हणतात पाऊसमानच बदललंय. पाऊसमान बदलतही असेल, पण आधी पाण्याच्या वाटा शोधायला हव्यात, त्या ओहोळांचे जुने नकाशे काढून एकेक तपासायला हवेत, कारण पाणलोट कापलेल्या तळ्यात टँकरने किंवा पाइपाने पाणी टाकत राहणं हे कायम चालू ठेवायचं काम होऊन बसतं.

खोलीबद्दलही सांगायला हवं. तेवढंच पाणी तांब्यात ठेवलं आणि परातीत पसरलं, तर परातीतलं आधी तापतं आणि आधी उडतं. सिरपूर असंच उथळ आहे, पावसाळ्यात भरल्यावरही जास्तीत जास्त दोन मीटर. उथळ असणं हा दोष नाही बरं का, पुढे पक्ष्यांचं सांगते तेव्हा कळेल, पण उथळ पाणी लवकर तापतं, तळापर्यंत ऊन पोचतं, आणि त्यात कुठून खत मिळालं की शेवाळ जोरात वाढतं.

आता मुख्य प्रश्न, हिरवं का पडतं. पाण्यात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ नेहमीच असतं, चांगल्या तळ्यातही असतं आणि असायलाच हवं, त्यावरच सगळी जीवसृष्टी चालते. ते वाढायला ऊन, कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतात. ऊन आणि कार्बनची काही कमी नाही. तळ्याच्या गोड्या पाण्यात बहुतेक वेळा कमी असतो तो फॉस्फरस, त्यामुळे तोच वाढीला लगाम घालतो. शेवाळाच्या शरीरात फॉस्फरसच्या एका अणूमागे साधारण १६ नायट्रोजनचे आणि १०६ कार्बनचे अणू असतात. वजनात सांगायचं तर एक ग्रॅम फॉस्फरस जास्तीचा मिळाला की शंभर ग्रॅमच्या आसपास सुकं शेवाळ तयार होऊ शकतं, ओलं धरलं तर एक किलो किंवा जास्तच. हा फॉस्फरस येतो आपल्या संडासाच्या पाण्यातून, काही कपड्यांच्या पावडरींतून, शेतातल्या खतातून, आणि वाहून आलेल्या मातीला चिकटून.

नाला जिथे तळ्यात शिरतो ती जागा एकदा जवळून बघा, बागेच्या मागच्या बाजूला असते, तिकडे ट्रॅक जात नाही आणि लाइटही नसतात. पाणी राखाडी असतं. दगडावर आपटतं तिथे पांढरा फेस धरतो आणि तो वाऱ्याने लगेच फुटत नाही, तिथे साबण आहे असं समजायला हरकत नाही. काठाच्या चिखलात काठी घातली तर वरचा बोटभर थर तपकिरी आणि खाली एकदम काळाकुट्ट, बुडबुडे येतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड. याचा अर्थ तिथल्या गाळात ऑक्सिजन संपलाय आणि ऑक्सिजनशिवाय जगणारे जंतू काम करतायत. अशा गाळातून आधी साठलेला फॉस्फरससुद्धा परत पाण्यात सुटतो, आणि ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण उद्या सगळे नाले बंद केले तरी तळं लगेच सुधारत नाही, जुना साठा काही वर्षं सुटत राहतो. त्यामुळे एका वर्षात निकाल दाखवा म्हणून मागे लागण्यातही अर्थ नाही.

मासे का मरतात हेही इथेच कळतं. एक लिटर हवेत अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असतो. एक लिटर पाण्यात विरघळलेला असतो हिवाळ्यात फार तर साडेआठ-नऊ मिलिग्रॅम आणि मे महिन्यातल्या कोमट पाण्यात सात. माशांची सगळी कमाई एवढीच. दिवसा शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, तेव्हा हिरव्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतो, दुपारी मोजला तर रिपोर्ट छान येतो. पण रात्री ऊन नसतं आणि तेच शेवाळ ऑक्सिजन घेत राहतं, जोडीला गाळातले जंतूही घेतात, आणि पहाटे पातळी सगळ्यात खाली जाते. चार-पाच मिलिग्रॅमच्या खाली गेलं की मासे त्रासात, दोनच्या खाली गेलं की बरेचसे मरतात. त्यात दोन-तीन दिवस ढगाळ गेले, किंवा जूनच्या पहिल्या जोरदार पावसाने रस्त्यावरची आणि नाल्यातली वर्षभराची घाण एकदम तळ्यात लोटली, की दुसऱ्या दिवशी सकाळी काठाला मासे दिसतात. लोकांना वाटतं कुणीतरी विष टाकलं. बहुतेक वेळा कोणी काही टाकलेलं नसतं, श्वास संपलेला असतो.

इंदूरने नाल्यांवर काम केलंय हे मान्य करायलाच हवं, कान्ह आणि सरस्वती या दोन्ही नद्यांत उघडे पडणारे सांडपाण्याचे पाइप शोधून जोडले, त्याला नाला टॅपिंग म्हणतात, आणि २०२१ मध्ये शहराला वॉटर प्लसचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध न करता नदी-नाल्यात सोडत नाही असा, दर्जा मिळाला. टॅपिंग म्हणजे नाल्यात पडणारं घाण पाणी कडेच्या लाइनमधून एसटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राला, न्यायचं. कोरड्या दिवसांत ही सोय काम देते. जोरदार पावसात मात्र पावसाचं पाणी आणि गटाराचं पाणी एकत्र येतं, लाइन ओसंडते, चेंबरची झाकणं उचलली जातात, आणि ते सगळं जुन्या वाटेने तळ्याकडे जातं. दुसरी अडचण कमी लोकांना माहीत आहे. एसटीपीतून निघालेलं पाणी स्वच्छ दिसतं, वास नसतो, पण फॉस्फरस काढायची वेगळी सोय नसेल तर तो बराचसा तसाच पाण्यात राहतो. म्हणून असं पाणी बागेतल्या झाडांना घालायला चांगलं, थेट तळ्यात सोडायला तितकं नाही.

त्यासाठी मधे एक टप्पा हवा, आणि तो स्वस्त आहे. नाला तळ्यात शिरण्याआधी त्याला पसरट, उथळ जागेतून सावकाश जाऊ द्यायचं, तिथे पाणकणीस, बोरू, कर्दळ असल्या वनस्पती दाट लावायच्या. पाणी मंदावलं की गाळ खाली बसतो, गाळाबरोबर फॉस्फरसचा मोठा भाग बसतो, मुळांवरचे जंतू घाण खातात, वनस्पती खत शोषतात. पण (आणि इथे बहुतेक ठिकाणी काम बिघडतं) ती वनस्पती वर्षातून एक-दोनदा कापून तिथून न्यायलाच लागते, गाळही उपसायला लागतो. कापली नाही तर ती तिथेच कुजते आणि घेतलेलं सगळं परत देते. जलपर्णीचंही तेच, आपल्याकडे सगळे जिला जलकुंभी म्हणतात ती. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती खताळ पाण्यात दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. मोठ्या उत्साहाने ती काढतात, फोटो निघतात, आणि ढीग काठावरच पडून राहतो, पाऊस आला की सडलेला रस परत तळ्यात. श्रमदान करणाऱ्या लोकांना माझी हात जोडून विनंती आहे, ट्रॉलीची सोय आधी करा, काढायला नंतर उतरा. खत करायला ती फार छान आहे, शेतकरी नेतातही.

गाळ काढण्याबद्दलही थोडं बोलते कारण उन्हाळ्यात जेसीबी उतरला की सगळ्यांना बरं वाटतं. वरून माती येत राहते, तळं उथळ होत जातं, तेव्हा गाळ काढावा लागतो, आणि शेतात टाकला तर शेताचं भलं होतं. फक्त कुठे थांबायचं ते माहीत हवं. तळाशी जो चिकणमातीचा थर असतो तो पाणी धरून ठेवतो, तो खरवडून खालचा मुरूम उघडा केला तर तळं पावसाळ्यात भरतं आणि दिवाळीनंतर झपाट्याने उतरतं. आणि काठ सरळ उभे कापले, परातीचा हौद केला, तर उथळ काठावर जगणारं सगळं संपतं.

त्या काठावर काय जगतं ते बघायला डिसेंबर-जानेवारीत सिरपूरला जा, धार रोडवरच तर आहे. काळेभोर, कपाळाला पांढरा टिळा असलेले वारकरी कळपाने तरंगत असतात, चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका असलेली हळदी-कुंकू बदकं दिसतात, पसरट चोचीचे थापट्ये पाणी गाळत गोल गोल फिरतात, कमळपक्षी लांब बोटांवर तोल सांभाळत पानांवरून चालतो, आणि गवताच्या आडून जांभळी पाणकोंबडी शेपटी झटकत निघते. यातले निम्मे पक्षी दोन फूटसुद्धा खोल पाण्यात जात नाहीत. त्यांना चिखल हवा, बुडालेलं गवत हवं, हळूहळू उतरत जाणारा काठ हवा. आपण काठाला दगडाची भिंत बांधून वर टाइल्स लावल्या की हे सगळे निघून जातात, उरतात भिंतीवरची कबुतरं. म्हणून पूर्ण तळ्याला काँक्रीटचा गोल ट्रॅक ही कल्पना मला पटत नाही. एका बाजूला माणसांनी फिरावं, बोटी चालवाव्यात, मुलांनी खेळावं, आणि एक बाजू, शक्यतो नाला येतो ती, पूर्ण मोकळी, अंधारी आणि चिखलाची ठेवावी. बोटीही इंजिनाच्या असतील तर उथळ भागात नकोत, पंख्याने तळाचा गाळ ढवळून वर येतो.

सिरपूर आज जे आहे ते फुकट मिळालेलं नाही. आपल्या इंदूरचे छायाचित्रकार भालू मोंढे, ज्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी आणि त्यांच्या 'द नेचर व्हॉलंटियर्स' या संस्थेतल्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं या तळ्याची राखण केली, अतिक्रमण, शिकार, घाण सगळ्याविरुद्ध पाठपुरावा करत राहिले. २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंत सागर दोन्ही रामसर यादीत आले. रामसर हे इराणमधलं गाव, तिथे १९७१ मध्ये पाणथळ जागा वाचवण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, भारत त्यात १९८२ मध्ये सामील झाला. सिरपूरची नोंदलेली जागा १६१ हेक्टर आहे. आणि जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर ही भारतातली पहिली दोन रामसर पाणथळ शहरं ठरली. मला याचा मनापासून अभिमान आहे.

पण या दर्ज्याने काय मिळतं आणि काय नाही हे कळायला हवं. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांप्रमाणे रामसर यादीतल्या जागेत भराव टाकणं, कारखाना आणणं, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं बंद आहे, आणि मागच्या दहा वर्षांतल्या पुराच्या सरासरी पातळीपासून ५० मीटरच्या आत बोटीच्या धक्क्याशिवाय पक्कं बांधकाम करता येत नाही. त्याच नियमांच्या व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी आणि शेतीच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेली तळी मात्र वगळलेली आहेत. म्हणजे रामसर यादीत नसलेल्या अशा कितीतरी बांधलेल्या तळ्यांना हे कवच सहजासहजी मिळत नाही. आणि यादीत असलेल्या सिरपूरलाही १६१ हेक्टरची रेघ मिळते, वरचा पाणलोट त्या रेघेच्या बाहेरच राहतो.

कुणी म्हणेल, आता नळाला नर्मदा येते, तळ्यांची गरज फिरायलाच. नर्मदेचं पाणी १९७० च्या दशकाच्या शेवटी इंदूरला आलं आणि शहर त्यावर वाढलं हे खरंच. पण ते नर्मदाकाठच्या जलूदहून, सत्तर किलोमीटरवरून, घाट चढवून, पंपाने येतं. त्याचं वीजबिल इतकं आहे की जलूदला सौर प्रकल्प उभारायला महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड लोकांकडून उभे केले. आणि इकडे आपल्याच उतारावरचं पाणी, पंपाशिवाय आलेलं, आजूबाजूच्या विहिरी-बोरिंगला पाझर देणारं, त्याच्या वाटा आपण बुजवतोय.

बागेतल्या काही सवयींबद्दलही बोलायला हवं. कारंजं आणि पाणी ढवळणारी यंत्रं ऑक्सिजन वाढवतात, माशांसाठी पहाटे चालवली तर उपयोगाची, पण फॉस्फरस त्यांनी कणभरही कमी होत नाही. माशांना कणकेच्या गोळ्या टाकणं हे पुण्याचं काम समजून लोक प्रेमाने करतात, त्यात मन चांगलं आहे याबद्दल शंकाच नाही, पण एक किलो गव्हाच्या पिठात तीन-साडेतीन ग्रॅम फॉस्फरस असतो. थोडा माशांच्या अंगी लागतो, बाकीच्याचं वरच्या हिशोबाने किती शेवाळ होऊ शकतं ते बघा, आणि रोज किती किलो पीठ पाण्यात जात असेल त्याचा अंदाज करा. निर्माल्याचंही असंच, ते काठावरच्या कुंडातच जाऊ द्या. गणपती घरी बादलीत विसर्जित करायचा तर शाडूचा आणा, पीओपी पाण्यात नीट विरघळत नाही, गाळासारखं तळाशी बसतं, २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत त्यावर बंदीच आहे.

आणि तळं कसं आहे ते स्वतः बघायचं असेल तर महागडं काही लागत नाही. इटलीतले सेकी नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी १८६५ मध्ये काढलेली पद्धत आजही जगभर वापरतात. वीस सेंटिमीटरची काळी-पांढरी चकती दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. आपण डब्याचं पांढरं झाकण वजन बांधून वापरलं तरी चालतं, धक्क्यावरून, सावलीच्या बाजूने. अर्ध्या मीटरच्या आत दिसेनासं झालं आणि पाणी हिरवट असेल तर शेवाळ खूप आहे. पाणी मातकट असेल तर वरून माती येतेय, तो वेगळा प्रश्न, पाणलोटात कुठेतरी खोदकाम चाललंय का ते बघा. दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी मोजून तारखेसकट लिहून ठेवलं, शाळेतल्या मुलांना हे काम फार आवडतं, तर वर्षभरात त्या तळ्याबद्दल आपल्याकडे खरी माहिती जमते, आणि मीटिंगमध्ये "पाणी घाण आहे" म्हणण्यापेक्षा "मार्चमध्ये सत्तर सेंटिमीटर होतं, मेमध्ये तीस झालं" म्हटलं की ऐकणाऱ्याला उत्तर द्यावंच लागतं.

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी, चिखलातून जावं लागलं तरी, नाला तळ्यात शिरतो तिथे जा. पाण्याचा रंग, फेस, कुठलं चेंबर ओसंडतंय, ओहोळ कुठे अडलाय, याचे फोटो जागा आणि वेळ दिसेल असे काढा आणि महापालिकेच्या ३११ ॲपवर सांडपाण्याच्या तक्रारीत टाका. त्या एका तासात जे दिसतं ते चार दिवसांनी पाणी ओसरल्यावर अधिकारी आले तरी दिसत नाही, म्हणून फोटो त्याच दिवशीचा हवा. सांडवा मोकळा आहे का तेही त्याच फेरीत बघून घ्या.